बाबांना रिटायर कोणी केलं?



परवा शेवटचे भारे झोडून झाले. यंदा दिवाळी उलटली तरी पाऊस हटत नव्हता. कापणी लांबली, कापलेलं भात दोनदा भिजलं आणि खळं नेहमीपेक्षा पंधरा-वीस दिवस उशिरा मोडलं. आता भात घरात आलंय, पेंढा माळ्यावर गेलाय. बियाण्याची गोण बाबांनी वेगळी बांधली आणि तिच्यावर कोळशाने खूण केली. खडू पुसून जातो म्हणे.

बाबांचं वय 76. तीन वर्षांपूर्वी मी आणि धाकट्या भावाने मिळून त्यांना रिटायर केलं होतं. आजची नोंद त्या चुकीबद्दल आहे. पिकाची माहिती मध्ये मध्ये येईलच, पण मुख्य गोष्ट माणसाची आहे.

"शेतकऱ्याला रिटायरमेंट नसते," असं आपण छाती पुढे काढून म्हणतो. सभेत म्हणतो, लग्नाच्या मांडवात म्हणतो, नोकरीवाल्या पाहुण्यासमोर तर हमखास म्हणतो. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. सरकारी माणसाला 58 पूर्ण झाले की कागद येतो, हारतुरे होतात, नारळ मिळतो, दुसऱ्या दिवसापासून काय करायचं याची त्याला आधी दोन वर्षं कल्पना असते. शेतकऱ्याला कागद येत नाही. त्याला घरातलीच माणसं एखाद्या दिवशी बसवून टाकतात, आणि बसवलंय हे त्याला कोणी सांगतही नाही.

आमच्याकडे असंच झालं. बाबांचे गुडघे दुखायला लागले, चिखळणीत एकदा पाय घसरला. आम्ही घाबरलो. त्या दिवाळीला पाठीला टेकू असलेली चांगली खुर्ची आणली, मोठ्या पडद्याचा मोबाइल आणला आणि सांगितलं, "बाबा, आता तू बस. आमी बघतो." बाबा काही बोलले नाहीत. गावात आमचं कौतुक झालं. पोरांनी बापाला सुखात ठेवलाय, असं लोक बोलले. आम्हालाही ते खरं वाटलं.

आमचं गाव पडघ्याच्या बाजूचं. भिवंडी म्हटलं की बाहेरच्यांना यंत्रमाग आठवतो, पण आमच्या अंगाला आता गोडाऊन आणि रस्ते. समृद्धी महामार्ग नागपूरहून निघतो आणि 701 किलोमीटर येऊन आमच्या आमण्याला संपतो. त्याचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025 ला सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून बाबा सकाळी सहाला उठून नाक्यावर जाऊन बसायला लागले होते. कंटेनर मोजायचे. कोणत्या गोडाऊनला किती गाड्या लागल्या हे त्यांना पाठ झालं. ज्या माणसाला खाचराखाचरातलं पाणी पाठ होतं, तो आता गाड्यांचे नंबर सांगत होता.

दुसऱ्या पावसाळ्यात ते बांधावर यायचे बंद झाले. जेवण कमी झालं. दिवसा झोपायला लागले, रात्री जागे. डॉक्टरांनी तपासलं, बीपी बरं, साखर बरी. मी विचारलं, "जेवत का नाय?" तर म्हणाले, "भूक लागाया कायतरी करावा लागतं ना." ते मी चेष्टेवारी नेलं. खरं काय ते आईने सांगितलं. ती भाकऱ्या थापताना पाठमोरीच बोलली, "त्यांना घरान कोन काय इचारीत नाय."

आईचं म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतं. पटायला मे 2025 उजाडावा लागला.

तुम्हा सगळ्यांना तो मे आठवत असेल. पाऊस 26 मे लाच मुंबईत दाखल झाला, 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधी आला नव्हता. त्याआधीच वळवाने झोडपलं होतं. आपल्या ठाणे-पालघर पट्ट्यात रोहिणीला धूळपेरणी करायची, मृगाचा पाऊस पडला की आवण उगवून यायचं, हे गणित. यंदा वाफसाच मिळाला नाही. कित्येकांचे राब भाजायचे राहिले, भाजलेल्यांची राख वाहून गेली. नांगर घालावा तर चिखल, पेरावं तर बी कुजणार. मी दोन दिवस मोबाइलवर हवामानाचे अंदाज बघत बसलो. भाऊ म्हणाला, यंदा आवण विकत घेऊ. पण विकत द्यायला कोणाकडे होतं?

तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर डोकं धरून बसलो होतो. बाबा खुर्चीत. मी काही त्यांना विचारलं नव्हतं, स्वतःशीच बडबडत होतो. ते म्हणाले, "आरं, कोरडं बी चिखलान टाकशील तं कुजंल. रहू कर."

रहू मला ऐकून माहीत होता, केला कधीच नव्हता. तरुण वाचकांसाठी लिहितो. बियाणं आधी मिठाच्या पाण्यातून काढायचं. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, म्हणजे 3 टक्के. वर तरंगेल ते पोचट, काढून टाकायचं. तळाचं दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवायचं. मग 24 तास भिजवायचं, पाणी निथळून गोणपाटात बांधायचं, वर पेंढा घालून दाबून ठेवायचं, मध्ये मध्ये कोमट पाणी शिंपडायचं. दीड-दोन दिवसांत मोड येतात. तोपर्यंत चिखळणी करून जागा सपाट करायची, पाणी काढून टाकायचं आणि मोड आलेलं बी त्या ओल्या चिखलावर फेकायचं. एवढं पुस्तकातही आहे. पुस्तकात नसलेलं बाबांनी सांगितलं: मोड नखाएवढा लांब झाला तर फेकताना तुटतो, बी नुसतं डोळा उघडल्यासारखं दिसलं की उचलायचं. गोणीत हात घालून बघायचं, हाताला चटका लागला तर आतून सडायला लागलंय, लगेच मोकळं करायचं. आणि फेकल्यावर पहिले तीन-चार दिवस पाखरांना हाकलायला माणूस पाहिजे.

माणूस म्हणून ते स्वतः बसले. छत्री, घोंगडी आणि एक रिकामा पत्र्याचा डबा वाजवायला. आई सांगते, त्या दिवशी दुपारी त्यांनी दीड भाकरी जास्त खाल्ली.

आवण चांगलं आलं. सगळीकडे असंच आलं असेल असा माझा दावा नाही, कोणाचं रहूचं बीही जोराच्या पावसात वाहून गेलं. आमची जागा थोडी उंच होती. पण ती जागासुद्धा बाबांनीच दाखवली होती, मी खालचं खाचर धरून बसलो होतो. बारा वर्षं मी शेती करतोय, स्वतःला शेतकरी म्हणवतो, आणि घरात खुर्चीवर बसवलेल्या माणसाला दोन वर्षं एक प्रश्न विचारला नव्हता. आमच्याकडे बाबांना कामातून काढलं याचं दुःख नव्हतं. चिखलातून सुटका झाली म्हणून ते खूशच होते. त्यांना सल्ल्यातून काढलं होतं, ते लागलं होतं. ही दोन कामं वेगळी आहेत आणि आपण दोन्ही एकदमच काढून घेतो. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी त्याचा विस्तार.

आता दुसरी बाजू. माझे काका नोकरीतून 58 ला निवृत्त होऊन गावी आले. आयुष्यभर कचेरीत कारकुनी केली, पण मनात शेती. रिटायर होऊन शेती करणारा माणूस तुमच्याही गावात एखादा असेलच. त्यांच्या हातात फंडाचे पैसे होते आणि डोक्यात व्हिडिओ. पहिल्याच वर्षी शेडनेट, ठिबक, परदेशी भाज्या. कोणाला विचारलं नाही. आमच्याकडचा जुलैचा पाऊस आणि वारा व्हिडिओवाल्याला माहीत नव्हता. नेट फाटलं, रोपं मुळातून सडली, आणि काकांच्या फंडाचा चांगला मोठा तुकडा त्यात गेला. किती ते त्यांनी काकूलाही नीट सांगितलेलं नाही.

काकांनी तेव्हा शेतीला शिव्या दिल्या. पण त्यांची खरी अडचण माझ्या मते वेगळी होती. कचेरीत त्यांना लोक विचारायचे, साहेब, कागद कुठे द्यायचा, सही कोणाची. इथे त्यांना कोणी विचारत नव्हतं, म्हणून त्यांना काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं. रिटायर होऊन शेतीत येणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, पहिलं वर्ष एक रुपया घालू नका. एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा नुसतं फिरा. पाणी कुठे साचतं, वारा कुठून येतो, गुरं कुठून शिरतात, मजूर कोणत्या आठवड्यात मिळत नाहीत, हे बघा. हे शिक्षण फुकट आहे, पण त्याला बारा महिने लागतात.

काकांना त्यांचं काम सापडलं ते शेतात नाही, शेताच्या कागदात. राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवर करायची. म्हाताऱ्या माणसांना ते जमेना, तरुणांना वेळ नाही, आणि नोंद नसली की सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, नुकसानभरपाईच्या वेळी हेलपाटे. काका एकेकाला घेऊन बांधावर जायला लागले. फोटो काढायचा, गट नंबर तपासायचा, नोंद झाली की नाही ते परत बघायचं. मग शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी आली, तीही. चाळीस वर्षांची कारकुनी वाडीच्या कामाला आली. यंदा ऑक्टोबरच्या पावसात भात आडवं झालं तेव्हा आमच्या वाडीतल्या कोणाचा अर्ज "पिकाची नोंद नाही" म्हणून अडकला नाही. काका या कामाचा चहासुद्धा घेत नाहीत. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चार माणसं असतात.

त्यांनी आणखी एक चालवलंय. सरळ बाजूचा एक डबा अंगणात उघड्यावर ठेवला आहे, रोज सकाळी आठला त्यातलं पाणी पट्टीने मोजून वहीत मिलिमीटर लिहितात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे 4,000 लिटर पाणी. तीन पावसाळ्यांची वही झाली आहे. मंडळाचा पाऊस आणि आमच्या वाडीचा पाऊस यात कधी कधी किती फरक असतो, हे वहीशिवाय आम्हाला कधी कळलंच नसतं. कृषी विभागाच्या मित्रांनो, हा डबा प्रत्येक वाडीत असू शकतो. लागतो फक्त रोज आठला उठून मोजणारा एक माणूस. तसा माणूस प्रत्येक वाडीत नुसता बसलेला आहे.

भिवंडीत तिसऱ्याच तऱ्हेचे रिटायर लोकही आहेत, त्यांच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. जमीन रस्त्यात गेली किंवा गोडाऊनला दिली, आणि वयाच्या पन्नाशीत माणूस मोकळा झाला. महिन्याला भाडं येतं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. हिशोब करून बघा. सन 2025-26 साठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. एकरी 18 क्विंटल धरले तर 42,642 रुपये. त्यातून नांगर, बी, खत, आवणीची मजुरी, कापणी, झोडणी वजा करा. उरलं ते भाड्याच्या शेजारी मांडून दाखवायची माझी हिंमत नाही. पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण, दवाखाना, यापुढे भाताची माया टिकत नाही, हे मला कळतं.

पण पैसे आले आणि सकाळ रिकामी झाली, हेही मी बघतो. पन्नाशीचा धडधाकट माणूस, गाडी आहे, बंगला आहे, आणि अकरा वाजता नाक्यावर पत्ते. काहींची पुढची गोष्ट दवाखान्यात किंवा गुत्त्यावर संपली. जमीन विकताना वकील बघतो, सीए बघतो, भाव बघतो. उद्या सकाळी सहाला उठून मी काय करणार, हे कोणी बघत नाही. जमीन देणाऱ्यांना माझं सांगणं: द्यायचीच असेल तर द्या, पण पाच-दहा गुंठे तरी ठेवा. त्यात भाजी लावा, वाल लावा, दोन म्हशी बांधा. पोट त्यावर चालणार नाही, पण सकाळ चालेल.

उतारवयातही माणूस नवं काही करतो याला लांबची उदाहरणं कशाला, आपल्या जिल्ह्यातच बघा. मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथे 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. साठीच्या पुढच्या बायका, काही तर नव्वदीला टेकलेल्या, गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत बसल्या. आयुष्यभर अंगठा लावला त्या सही करायला शिकल्या. त्यातून कोणाला नोकरी लागणार नव्हती. आता शिकून काय करणार, असं त्यांनाही कोणी ना कोणी विचारलं असणारच. मला त्यातलं भावतं ते हे की शाळा गावातच होती, बायका ओळखीच्या होत्या, आणि घरचं काम सांभाळून वर्ग भरत होता. म्हाताऱ्या माणसाला उचलून कुठे न्यावं लागलं नाही.

आणि भातवाल्यांनी दादाजी खोब्रागडे यांना विसरू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. शाळा तिसरीपर्यंत. सन 1983 च्या सुमारास पटेल-3 या भाताच्या शेतात त्यांना दोन-तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत राहिले. त्यातून जे वाण आलं ते एचएमटी नावाने देशभर पसरलं. त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळाचं नाव भाताला मिळालं. नंतरही ते थांबले नाहीत, नांदेड चिन्नोर, डीआरके अशी वाणं काढत राहिले. त्यांना त्याचा पैसा जवळजवळ मिळाला नाही, हलाखीतच 3 जून 2018 ला ते गेले. त्यांची ती परवड ही आपली सगळ्यांची लाज आहे, तिला मी गोड करून सांगणार नाही. पण म्हातारपणीही ते शेतात लोंब्या बघत हिंडत होते, आणि त्यासाठी त्यांना ताकद नव्हे, नजर लागत होती.

हे सगळं लिहिताना मला एक भीती वाटते. "म्हातारपणी जगण्याला उद्देश पाहिजे" हे वाक्य पोट भरलेल्याच्या तोंडी शोभतं. आमच्या आवणीला कातकरी वाडीवरून एक आजी येते. पासष्टीच्या पुढची असेल. दिवसभर वाकून आवणी करते, मजुरी घेते, जाते. तिला जाऊन उद्देश शोध म्हणून सांगायची माझी टाप नाही. तिला आधी विश्रांती पाहिजे आणि ती परवडली पाहिजे. श्रावणबाळ योजनेत महिन्याला 1,500 रुपये मिळतात, तेही कागद जुळले तर. किसान मानधन योजना 12 सप्टेंबर 2019 ला सुरू झाली, साठीनंतर महिना 3,000 रुपये पेन्शन. पण त्यात नाव घालायचं वय 18 ते 40, आणि जमीन दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे बाबांच्या पिढीसाठी तो दरवाजा उघडलाच नाही. जे वाचक चाळिशीच्या आत आहेत त्यांनी मात्र चौकशी करा, वयाप्रमाणे महिन्याला 55 ते 200 रुपये भरायचे असतात आणि तेवढेच सरकार घालतं. म्हाताऱ्याला मान द्या म्हणजे पेन्शनची गरज नाही, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ कोणी काढू नये. दोन्ही पाहिजे.

आणि आई. बाबांना आम्ही चुकीचं का होईना, रिटायर केलं. आईला तेवढंही केलं नाही. ती 70 ची आहे, चूल, म्हैस, परसबाग, नातवंडं, सगळं तिच्याकडे. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, त्यामुळे सरकारच्या वहीत ती शेतकरीच नाही, मग निवृत्त कशातून होणार? हे लिहिल्यावर घरी वाचून दाखवलं. आई म्हणाली, "माझं नको लिहू." म्हणून एवढ्यावर थांबतो. नाव चढवायचा अर्ज मात्र काका करून देतायत.

आता उपयोगाचं. आमच्या घरात यंदापासून बाबांकडे जी कामं आहेत ती लिहितो. तुमच्याकडे जमतील ती घ्या.

पहिलं, बियाणं. फुलोऱ्यात आणि कापणीच्या आधी शेतात फिरून भेसळीची झाडं ओळखायची. उपटायचं काम माझ्या पोराचं, दाखवायचं बाबांचं. बियाण्यासाठी कोणता तुकडा राखायचा, हा निर्णय पूर्ण त्यांचा, आम्ही बोलत नाही. सरळ वाण तीन वर्षांनी बदलायचं, ते बदलायचं वर्ष कोणतं हेही त्यांच्याच लक्षात असतं.

दुसरं, बांध. खेकड्याने भोक पाडलेलं त्यांना लांबून कळतं. सकाळी एक फेरी, भोक दिसलं की काठी रोवून ठेवायची. बुजवायला आम्ही जातो.

तिसरं, गिरिपुष्प. चारसूत्रीवाल्या डॉ. ना. कृ. सावंतांनी भातात गिरिपुष्पाचा पाला घालायला सांगितलं, आम्ही दरवर्षी नुसतं ऐकत होतो. यंदा बाबांनी बांधावर खुंट्या लावल्या. पाला दोन वर्षांनी हाताशी येईल. 76 व्या वर्षी दोन वर्षांनंतरचं काम हाती घेतलंय, याचं मला बरं वाटतं.

न द्यायची कामंही सांगतो. फवारणी अजिबात नाही. गोणी उचलणं नाही. रात्रीचं पाणी सोडणं नाही. ओल्या बांधावर ट्रॅक्टर नाही. अंगात खुमखुमी असते, ती ऐकायची नाही.

मोठ्या माणसांनाही दोन शब्द, लहान तोंडी मोठा घास समजा. सल्ल्याचा मान पाहिजे तर व्यवहाराची किल्ली वेळेत सोडा. पासबुक उशाशी ठेवून पोराला प्रत्येक खताच्या गोणीसाठी हात पसरायला लावाल, तर तो तुम्हाला विचारायचं कधीतरी बंद करणारच. आमचं घर सुधारलं त्यात बाबांचाही वाटा आहे. त्यांनी खातं माझ्या नावे जोडून दिलं आणि कंबाइन लावायचं की नाही यावर बोलायचं सोडलं. "आमच्या वेळी" हे शब्द दिवसातून एकदाच, असं आमचं ठरलंय. ते दोनदा म्हणतात.

कृषी सहायक आणि विद्यापीठातल्या मित्रांना एवढंच म्हणेन की शेतीशाळा घेता तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांना नारळ फोडायला बोलावता आणि मग पहिल्या खुर्चीत बसवून विसरता. त्यांना एक प्रश्न विचारा: यंदासारखं साल याआधी कधी आलं होतं, आणि तेव्हा तुम्ही काय केलं? हवामान बदलतंय, सगळीच जुनी माहिती लागू पडणार नाही, हे मान्य. पण रहूसारखी पाच-दहा हत्यारं कोणाच्या तरी डोक्यात पडून आहेत, आणि ती वही कोणी लिहून घेतलेली नाही.

आता घरातली गोष्ट, जी अजून सुटलेली नाही. रस्त्याला लागून आमचा एक एकराचा तुकडा आहे. गोडाऊनसाठी मागणी आली आहे. भाऊ म्हणतो देऊ, त्याची दोन पोरं शिकतायत, त्याचं चूक नाही. मी म्हणतो थांबू, माझंही फार बरोबर आहे असं नाही. तीन वर्षांपूर्वी असतं तर आम्ही दोघांनीच ठरवलं असतं आणि बाबांना सहीला नेलं असतं. या वेळी रात्री जेवण झाल्यावर त्यांच्यासमोर मांडलं. बाबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "त्या खाचरान पानी सगल्यात शेवटी हटतं. बियान्याचा तुकडा मी तिथंच धरलाय पुढल्या सालाला." हो की नाही, ते बोलले नाहीत. उठून झोपायला गेले.

भाऊ माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. संक्रांतीनंतर परत बसायचं ठरलंय.

तोपर्यंत खालच्या खाचरात ओल आहे, उद्या तिथे वाल टाकतोय. बाबा म्हणतात दोन दिवस आधीच टाकायला हवा होता. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसाला यंदा तुम्ही शेतातलं काय विचारलंत, ते कळवा. विचारलं नसेल तर आज संध्याकाळी विचारून मग कळवा.